मायनस ८ चा नंबर: महागडी १.७४ ची काच घेऊ की आधी फ्रेम बदलू?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं नीट नाही सांगितलं तर उत्तर देणाऱ्याला अंदाज येणार नाही म्हणून.

माझा नंबर असा आहे, उजवा -७.५० सिलिंडर -१.२५ अ‍ॅक्सिस १८०, डावा -८.०० सिलिंडर -०.७५ अ‍ॅक्सिस १७५ (सिलिंडर म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर आणि अ‍ॅक्सिसवरून त्याची दिशा कळते). वय ३४, नाशिकला असते, ऑफिसात अकाउंट्सचं काम म्हणजे आठ-नऊ तास स्क्रीन आणि जायला-यायला स्कूटर, त्यामुळे हेल्मेटच्या आत पण चष्मा. चौथीत चष्मा लागला तेव्हापासून सकाळी उठल्यावर पहिला हात उशीशेजारी चष्म्यासाठीच जातो.

दोन वर्षांपूर्वी मोठी चौकोनी फ्रेम घेतली, तेव्हा सगळ्यांच्या तशाच होत्या आणि मला पण चेहऱ्याला बरी वाटली. काडीच्या आतल्या बाजूला ५४□१८-१४० असं छापलंय. त्यात दुकानदाराने पॉलीकार्बोनेटची काच टाकून दिली, म्हणाला अनब्रेकेबल आहे, स्कूटरवर जाता ना मग हीच घ्या. काच खरंच फुटली नाही, पण त्रास दुसरेच आहेत. कानाच्या बाजूची कड नवऱ्याने व्हर्नियरने मोजली तर डावीकडे ९ मिमी भरली. चष्मा सारखा घसरतो, नाकावर दोन लाल खुणा कायमच्या झाल्यात. आणि सगळ्यात जास्त त्रास म्हणजे नजर बाजूला नेली की पांढऱ्या ट्यूबलाइटच्या एका कडेला निळी रेघ आणि दुसऱ्या कडेला पिवळी-नारिंगी रेघ दिसते, एक्सेलची शीट मोठी असली की कोपऱ्यातल्या आकड्यांना पण तसंच होतं, मान वळवून समोरून बघितलं की जातं. मी घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी थेंब घालून पडदा वगैरे सगळं तपासलं, डोळे ठीक आहेत, नंबर पण तोच आहे.

आता नवीन चष्मा करायचाय. एका दुकानात म्हणाले याच मापाची फ्रेम घ्या आणि त्यात १.७४ ची काच टाका (हा काचेचा इंडेक्स, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा, तो जितका मोठा तितकी काच पातळ), सगळ्यात पातळ तीच, नुसत्या काचेचेच १४ हजार सांगितले. दुसऱ्या दुकानात म्हणाले १.६७ पुरे. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं की एवढ्या नंबरला काहीही करा काच जाड दिसणारच. पैसे घालायची तयारी आहे पण १४ हजार घालून पुन्हा तेच झालं तर फार वाईट वाटेल. माझा पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, ६० मिमी आहे. रिमलेस, म्हणजे काचेभोवती फ्रेमची कड नसलेली, घ्यायची पण फार वर्षांची इच्छा आहे, ती या नंबरला जमेल का तेही सांगा.

जुना फिटर

ताई, मी २६ वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवतोय, आधी पुण्यात दुसऱ्याच्या दुकानात आणि आता स्वतःच्या. तुमचा पीडी आणि फ्रेमचं माप दोन्ही दिलंत ते फार बरं केलंत, बहुतेक लोक नुसता नंबर सांगतात आणि विचारतात कोणती काच घेऊ, पण नुसत्या नंबरवरून जाडी सांगताच येत नाही. फ्रेम आधी ठरवा, काच नंतर. हे दुकानात कोणी सांगत नाही कारण फ्रेम गिऱ्हाईक आवडीने उचलतं आणि मग त्या फ्रेममध्ये काच कशी बसवायची हा आमचा प्रश्न होतो.

तुमच्या काडीवर ५४□१८ आहे म्हणजे एका काचेची रुंदी ५४ मिमी आणि नाकावरचा पूल १८ मिमी. दोन्ही मिळून ७२. तुमच्या दोन बुबुळांमधलं अंतर ६०. म्हणजे फ्रेमच्या मधोमध तुमचा डोळा येतच नाही, प्रत्येक डोळा आतल्या बाजूला ६ मिमी सरकलेला आहे. मायनसची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते, आणि तो पातळ मध्य आम्हाला तुमच्या बुबुळासमोर आणावा लागतो. मग बाहेरच्या कडेपर्यंत अंतर किती झालं, ५४ चे अर्धे २७ अधिक ६ म्हणजे ३३ मिमी. आता जाडी कशी वाढते बघा, ती या अंतराच्या वर्गाने वाढते, अंतर दुप्पट झालं तर जाडी चौपट. म्हणून फ्रेम थोडी जरी मोठी झाली तरी कड एकदम फुगते.

आता समजा तुम्ही ४६□२० ची फ्रेम घेतली. ६६ वजा ६० म्हणजे ६, प्रत्येक बाजूला ३. कडेपर्यंतचं अंतर २३ अधिक ३ म्हणजे २६ मिमी. ३३ चा वर्ग १०८९ आणि २६ चा ६७६, म्हणजे काचेचं मटेरियल काहीही असो, मोठ्या फ्रेममध्ये कडेचा फुगवटा दीडपटीहून जास्त होणारच. तुमच्या डाव्या डोळ्याचं गणित मांडून देतो, मधली जाडी धरून साधारण आकडे आहेत, थोडं इकडे तिकडे होईल. मोठ्या ५४ च्या फ्रेममध्ये साध्या १.५ च्या फायबर काचेची कड साडेदहा मिमीच्या वर जाईल, १.६ ची साडेआठ, १.६७ ची पावणेआठ आणि तुमच्या १४ हजारवाल्या १.७४ ची ७ मिमी. आणि छोट्या ४६ च्या फ्रेममध्ये १.६ ची कड येईल पावणेसहा ते सहा, १.६७ ची सव्वापाच. म्हणजे छोट्या फ्रेममधली १.६ ची काच ही मोठ्या फ्रेममधल्या सगळ्यात महाग काचेपेक्षा एक मिमीहून जास्त पातळ होते. हे मी गिऱ्हाइकाला कागदावर काढून दाखवतो तेव्हा कुठे विश्वास बसतो.

सिलिंडरचं पण बघायला लागतं. तुमचा अ‍ॅक्सिस १८० च्या आसपास आहे हे तुमच्या फायद्याचं आहे, कारण १८० ला सिलिंडरचा जोर उभ्या दिशेत लागतो आणि आडव्या दिशेत, म्हणजे जिथे काच सगळ्यात रुंद असते तिथे, फक्त स्फेरिकलचा, म्हणजे मूळ नंबरचा जोर राहतो. हाच अ‍ॅक्सिस ९० असता तर कानाकडची कड अजून जाड झाली असती.

मग कोणती फ्रेम? काचेची रुंदी ४५ ते ४८, पूल १९-२०-२१, आकार गोल किंवा अंडाकृतीकडे झुकणारा, कोपरे टोकदार नकोत कारण चौकोनाचा कोपरा मध्यापासून सगळ्यात लांब असतो आणि तिथेच जाडी गोळा होते. पण एक चूक करू नका, छोटी फ्रेम म्हणजे लहान मुलांची अरुंद फ्रेम नाही. चेहरा रुंद असेल तर काड्या बाहेर फाकतात, कानशिलं दाबली जातात आणि दोन तासांत डोकं दुखायला लागतं. काच छोटी पण बिजागरीपाशी फ्रेम जरा बाहेर आलेली असते अशी बघा, म्हणजे एकूण रुंदी चेहऱ्याइतकी भरते.

रिमलेसचं मनावर दगड ठेवून सांगतो, या नंबरला नको. काच जमेल, १.६ ला भोक चांगलं पडतं, पण जाड कड सगळीकडून उघडी राहते आणि स्क्रू लांब घालावे लागतात आणि हेल्मेट काढता-घालताना सैल होतात. सुप्रा म्हणजे खाली नायलॉनची तार असते तिचंही तेच, खालची कड उघडी. शेल फ्रेम, म्हणजे प्लॅस्टिकची, घ्या, जाड कडेची, तिच्यात खाच मोठी असते, काच पुढून बरोबर बसवून जाडी मागे ढकलता येते आणि समोरून काही दिसत नाही. मेटल घ्यायची तर नोज पॅड वाकवता येतात हा फायदा, पण पातळ तारेच्या रिममधून काच पुढे-मागे दोन्हीकडे डोकावते. काचेची कड चकाचक पॉलिश करून घेऊ नका, जाड नंबरला आतून कडेकडेने वर्तुळं जास्त चमकतात.

अमरावतीकर

पिंपळपान, तुझी निळी-नारिंगी रेघ वाचून मला माझे ते दोन वर्षांचे दिवस आठवले गं. माझा दोन्ही डोळ्यांचा -९ आहे आणि मलाही कोणीतरी पॉलीकार्बोनेट घातलं होतं. मला तर वाटायचं मोतीबिंदू सुरू झाला की काय चाळिशीच्या आधीच. डोळ्यात काही नाही, ते त्या मटेरियलमुळे होतं.

प्रत्येक काचेचा एक अ‍ॅबे नंबर असतो, तो जितका मोठा तितके रंग कमी फुटतात. साध्या फायबरचा म्हणजे सीआर-३९ चा ५८ आहे, ट्रायव्हेक्सचा (ही पण पॉलीसारखीच माराला टिकणारी काच) ४३ ते ४५, १.६ ची एमआर-८ म्हणतात तिचा ४१, आणि पॉलीकार्बोनेटचा फक्त ३०. १.६७ चा ३१-३२ आणि १.७४ चा ३२-३३. म्हणजे बघ, १४ हजार घालून तू १.७४ घेतलीस तर कड थोडी पातळ होईल पण ती रेघ जवळजवळ आहे तशीच राहील, कारण रंग फोडण्याच्या बाबतीत ती पॉलीच्याच पंगतीत बसते. नंबर २-३ असेल तर कोणाला कळतही नाही, पण आपल्यासारख्या नंबरला काचेच्या मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला बघितलं तरी प्रकाश बराच वाकतो, आणि वाकला की रंग वेगळे होतातच. तू दिवसभर आकड्यांकडे बघणारी, तुला हा त्रास रोज आठ तास आहे. मी १.६ घेतली आणि पहिल्या दिवशी दुकानाबाहेर येऊन समोरच्या बोर्डावरची पांढरी अक्षरं कोपऱ्यातून वाचून बघितली, रेघ अगदी नाहीशी झाली नव्हती पण शोधायला लागली.

वजनाचं पण कोणी सांगत नाही. १.७४ पातळ असते म्हणून हलकी असेल असं वाटतं, पण ते मटेरियलच जड आहे, घनता १.४७, आणि एमआर-८ ची १.३०, ट्रायव्हेक्सची तर १.११. त्यामुळे पातळपणात जे कमावलं त्यातलं बरंचसं वजनात परत जातं. खरं वजन कमी होतं ते काचेचा आकार लहान झाल्यावर.

चमक कमी करणाऱ्या एआर कोटिंगला मात्र पैसे वाचवू नकोस. इंडेक्स वाढला की काच जास्त चमकते, साधी फायबर कोटिंगशिवाय दोन्ही बाजू मिळून ८ टक्के प्रकाश परत फेकते, १.७४ तर १४ टक्क्यांच्या वर. रात्री स्कूटरवर समोरून हेडलाइट आले की कळतं. आणि आमच्याकडे अमरावती-अकोल्याला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, मी एकदा चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून लग्नाला आत गेले, दुपारी परत आले तर कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. उष्णतेने खालचं प्लॅस्टिक जास्त फुगतं, वरचा कोटिंगचा थर तेवढा ताणत नाही आणि तडकतो. ते पुसून जात नाही, काचच बदलावी लागली. गरम पाण्याने धुवायचं पण नाही, साध्या पाण्याखाली धरून भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवायचा आणि मऊ कापडाने टिपायचं. ओढणीने कोरडं पुसलंस तर धूळच घासली जाते.

आकाशकंदील

वरच्या दोघांचं पटतं पण १.७४ ला एकदम मोडीत काढू नका अशी विनंती. माझा नंबर -११.५० आणि -१२ आहे. मी ४५ ची गोल फ्रेम घालतो, म्हणजे फ्रेमच्या बाजूने जेवढं करता येईल तेवढं सगळं करून झालंय, त्याहून लहान माझ्या चेहऱ्याला शोभत नाही आणि बाजूचं दिसणं पण कमी होतं. अशा वेळी १.६ आणि १.७४ मध्ये जो एक-दीड मिमी फरक पडतो तो मला फार मोलाचा वाटतो. रंगाच्या रेघा दिसतात हो, पण मी लहानपणापासून डोळे फिरवण्यापेक्षा मान फिरवतो, त्यामुळे मला त्या खुपत नाहीत. शाळेत सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा म्हणून जे ऐकलंय ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळतं, पातळ काच दिसायला बरी दिसते ही गोष्ट काही फालतू नाही.

जुना फिटर

आकाशकंदील, तुमचं बरोबर आहे. -१० च्या पुढे, फ्रेम आधीच लहान असेल तर १.७४ ला पैसे घालण्यात अर्थ आहे. माझा राग फक्त ५४-५६ च्या फ्रेममध्ये १.७४ विकण्यावर आहे, कारण तिथे गिऱ्हाईक फ्रेमच्या चुकीचे पैसे काचेत भरतं.

कृष्णाकाठ

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, आहे, रोज हेच काम करते, म्हणून तीन-चार गोष्टी घालते ज्या वर आल्या नाहीत.

पिंपळपान, तुमचा चष्मा घसरतो असं लिहिलंय, तो फक्त नाकाचा त्रास नाहीये. मायनसची काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा डोळ्यापाशी पोचणारा जोर कमी होतो. -८ ला चष्मा ५ मिमी पुढे घसरला तर साधारण ०.३ इतका नंबर कमी झाल्यासारखं होतं. दूरचा बोर्ड वाचताना तुम्ही बोटाने चष्मा वर ढकलत असाल तर कारण हे असू शकतं. पेशंट येतात, मॅडम नंबर वाढला वाटतं म्हणतात, मी चष्मा नीट वर बसवते आणि पुन्हा तक्ता वाचायला लावते तर शेवटची ओळ येते. म्हणून काड्या कानामागे तुमच्या कानाच्या वळणाप्रमाणे वाकवून घ्या, दुकानात गरम करून करून देतात, पाच मिनिटांचं काम आहे. टीआर-९० नावाच्या प्लॅस्टिकच्या लवचिक काड्या हलक्या असतात, पण त्या गरम करून वळवल्या तरी वळण नीट धरत नाहीत, शेल म्हणजे अ‍ॅसिटेटच्या काड्या छान वळतात, म्हणून घसरणाऱ्यांना मी शेलच सुचवते. शेल घेताना नाकावरचा भाग तुमच्या नाकावर सगळीकडून टेकतो ना ते बघा, कारण तिथे नोज पॅड नसतात आणि नंतर फारसं काही बदलता येत नाही. चष्मा शक्य तितका डोळ्याजवळ, फक्त पापण्या काचेला लागणार नाहीत इतपत.

दुसरं पीडी. ६० हा दोन्ही डोळ्यांचा मिळून झाला, पण नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं अंतर वेगळं मोजून घ्या, २९ आणि ३१ पण असू शकतं. पीडी एका डोळ्याला ३ मिमी चुकला तर -८ ला २.४ प्रिझमचा (काच प्रकाश बाजूला किती वळवते त्याचं माप) ओढा बसतो, म्हणजे चष्म्यात नंबर बरोबर असूनही डोळे दिवसभर ओढल्यासारखे राहतात. निवडलेली फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर पक्की बसवून, दुकानदाराने समोर बसून डमी काचेवर मार्करने बुबुळाचा ठिपका मारायला हवा. हा ठिपका न मारता ऑर्डर घेत असतील तर तुम्ही स्वतः मागून घ्या, लाजू नका. चष्मा हातात आला की लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, नंबर आणि सेंटर दोन्ही तुमच्यासमोर तपासायला सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या डबीवरचा नंबर चष्म्याला देऊ नका, या रेंजमध्ये तो चष्म्यापेक्षा कमी असतो.

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेबद्दल दुकानात विचारतीलच. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, १७ चाचण्या एकत्र बघितल्या होत्या, त्यात स्क्रीनवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा थकवा ब्लू कटने थोड्या काळात तरी कमी होतो असं काही दिसलं नाही. ते पैसे चांगल्या एआर कोटिंगला द्या. आणि स्क्रीनवर असताना पापण्यांची उघडझाप आपोआप कमी होते, थकव्याचं एक मोठं कारण ते आहे, ते कोणत्याही काचेने जात नाही.

शेवटचं मनापासून सांगते. काच कितीही पातळ झाली तरी डोळा आतून लांबच राहतो, आणि त्या लांबीमुळे पडदा ताणलेला असतो. -६ च्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा, तुम्ही आत्ताच करून आलात ते छान केलंत. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर.

सोनचाफा

मध्येच विचारते, माफ करा. माझी लेक ६ वर्षांची आहे, दोन्ही डोळे +५.५० आणि एक डोळा आत वळतो म्हणून डॉक्टरांनी पूर्ण वेळ चष्मा सांगितलाय. तिची काच मध्ये फुगीर दिसते, डोळे केवढे मोठे दिसतात आणि शाळेत मुलं बघतात. ती चष्मा खाली ओढून वरून बघते. घरात सासूबाई म्हणतात थोडी मोठी फ्रेम घे, दोन वर्षं चालेल. काय करू?

जुना फिटर

ताई, वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी फ्रेम घ्यायची नाही, प्लसला तर अजिबातच नाही. प्लसची काच उलटी, मध्ये जाड आणि कडेला पातळ. दुकानात तयार गोल काचा येतात ६५-७० मिमीच्या, त्या सगळ्या व्यासाला पुरेल इतकी मधली जाडी त्यांना द्यावीच लागते, मग त्यातून आम्ही तुमच्या बाळाची ४२ ची छोटी काच कापून घेतो तेव्हा पातळ कड घासण्यात निघून जाते आणि जाड मध्य तिच्या डोळ्यासमोर उरतो. +५.५० ला ७० मिमीची साधी फायबर काच मध्ये साडेसात मिमीच्या वर असते, तीच ५० मिमीच्या व्यासाची बनवून घेतली तर साडेचारच्या आसपास. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा की तयार स्टॉकची नको, फ्रेमच्या मापाला लहान व्यासाची ऑर्डरने बनवून द्या. आठवडाभर जास्त लागतो, पण फरक समोरून दिसतो. अ‍ॅस्फेरिक, म्हणजे पुढून चपटी घडवलेली काच मागा, पुढचा फुगा कमी होतो आणि डोळेही थोडे कमी मोठे दिसतात.

कृष्णाकाठ

सोनचाफा, मटेरियल मात्र पॉलीकार्बोनेट किंवा मिळत असेल तर ट्रायव्हेक्सच, लहान मुलांना बॉल, बाक, दरवाजा काय लागेल सांगता येत नाही आणि या दोन्ही काचा माराला सगळ्यात जास्त टिकतात. वर रंगाच्या रेघांचं जे बोललो ते इथे दुय्यम. ट्रायव्हेक्स दोन्ही बाजूंनी बरी, फक्त पॉलीपेक्षा जरा जाड होते.

वरून बघते कारण बहुतेक फ्रेम नाकावरून खाली येते, किंवा डोळ्याला अजून सवय झालेली नाही. मुलांच्या नाकाचा पूल चपटा असतो, मोठ्यांच्या फ्रेमचं छोटं रूप तिथे टिकत नाही. सिलिकॉनचा सलग पूल असलेली, मागे पट्टा लावता येईल अशी फ्रेम घ्या, बुबुळ काचेच्या साधारण मधोमध यायला हवं. चष्मा लावल्यावर डोळा सरळ राहतो का ते बघत चला. नीट बसलेल्या चष्म्यातून पण चार-सहा आठवड्यांनंतर वरूनच बघत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. आणि शाळेच्या बाईंना भेटून एकदा बोला, या वयात चष्मा पूर्ण वेळ लावण्यावर दृष्टी नीट घडणं अवलंबून आहे हे त्यांना कळलं की त्या वर्गात लक्ष ठेवतात, माझ्याकडच्या कितीतरी मुलांच्या बाबतीत ठेवलंय.

पिंपळपान

मंडळी, चष्मा होऊन दहा दिवस झाले, म्हणून कळवायला आले. फिटर काकांचं गणित वहीत उतरवून चार दुकानं फिरले. ४६ ची मला लहान वाटली, शेवटी ४७□२० ची तपकिरी शेल फ्रेम मिळाली, गोलसर, आणि बिजागरीपाशी थोडी बाहेर आलेली त्यामुळे कानशिलं दाबली जात नाहीत. काच १.६ एमआर-८, चांगलं एआर कोटिंग, ब्लू कट नको म्हटलं. दुकानदार म्हणाला या नंबरला १.६ आजकाल कोणी घेत नाही, मी वही दाखवली तेव्हा त्याने स्वतः पट्टी घेऊन मोजलं आणि मग काही बोलला नाही. ठिपके मारून घेतले, माझा पीडी उजवा ३० आणि डावा ३० च निघाला. फ्रेम आणि काच दोन्ही मिळून त्या १४ हजारापेक्षा बरेच कमी पैसे लागले.

डावी कड ६ मिमीच्या किंचित वर आहे, आधी ९ होती. घरी स्वयंपाकाच्या काट्यावर दोन्ही ठेवून बघितले, जुना ३७ ग्रॅम, नवा २८. पहिले दोन दिवस जमीन जवळ आल्यासारखी वाटायची, जिन्यावर जपून उतरत होते, आता काही नाही. नाकावरच्या खुणा हळूहळू फिकट होतायत. ट्यूबलाइटची रेघ अगदी टोकाला बघितलं तर थोडी दिसते, पण शीटच्या कोपऱ्यातले आकडे आता मान न वळवता वाचता येतात, महिनाअखेरीच्या दिवशी हे फार जाणवलं. आणि कृष्णाकाठ, चष्मा वर ढकलायची सवय मला होती हे तुम्ही लिहिल्यावर कळलं, हात अजून अधूनमधून आपोआप जातो पण ढकलायला काही नसतं.

जुना चष्मा स्पेअर म्हणून स्कूटरच्या डिकीत टाकणार होते, अमरावतीकर यांचं डॅशबोर्डचं वाचलं आणि तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.